‘सायको’ कोणाला म्हणायचे? महाराष्ट्रातील खटले आणि त्यांवरचे चित्रपट

सायकोपॅथ म्हणजे ज्याची बुद्धी आणि भान शाबूत आहे, पण दुसऱ्याच्या दुःखाने ज्याच्या आत काहीच हलत नाही असा माणूस. त्याला भास होत नाहीत, कानात आवाज येत नाहीत. आजची तारीख काय, कायदा काय सांगतो, पकडले गेलो तर काय होईल, हे सगळे त्याला नीट कळते. कळत नाही ती फक्त समोरच्याची वेदना. किंवा कळते, पण ती त्याला अडवत नाही. मराठीत अशा ठेवणीला मनोविकृत व्यक्तिमत्त्व म्हणतात. बोलण्यात मात्र ‘सायको’ हा एकच शब्द रुळला आहे. चिडका वरिष्ठ सायको, पाठलाग करणारा मुलगा सायको, औषधे चालू असलेला शेजारी सायको आणि पाच खून करणाराही सायको. अगदी वेगळी माणसे अशी एका शब्दात कोंबली गेली, याला सिनेमा बराच जबाबदार आहे. त्या माणसांना पुन्हा वेगळे करून दाखवणारे चित्रपटही आहेत, आणि त्यांतले काही महाराष्ट्रात घडलेल्या खऱ्या प्रकरणांवरून आलेले आहेत.

या विकृतीचे पहिले सविस्तर वर्णन हर्वी क्लेक्ली या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञाने १९४१ साली ‘द मास्क ऑफ सॅनिटी’ या पुस्तकात केले. शहाणपणाचा मुखवटा, असा त्या नावाचा अर्थ. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातील कैद्यांचा अभ्यास करून वीस लक्षणांची एक पडताळणी यादी तयार केली. वरवरचे गोड बोलणे, स्वतःविषयी अवास्तव मोठेपणा, सराईत खोटेपणा, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या जिवावर जगणे अशी ती लक्षणे आहेत. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. एकूण ४०, आणि साधारणपणे ३० किंवा त्याहून जास्त गुण मिळालेली व्यक्ती सायकोपॅथ मानली जाते. हे गुण प्रशिक्षित तज्ज्ञाने प्रत्यक्ष मुलाखत आणि जुनी कागदपत्रे तपासून द्यायचे असतात. सर्वसाधारण लोकसंख्येत शंभरात एखादी व्यक्ती या गटात मोडत असावी, असा हेअर यांचा अंदाज आहे. त्यांतले बहुतेक कधीच कोणाचा जीव घेत नाहीत. ते फसवतात, वापरून घेतात, संसार आणि धंदे बुडवतात आणि पुढे निघून जातात.

कायदाही हा फरक पाळतो. भारतीय दंड संहितेचे कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२, मनाच्या आजारामुळे आपण काय करतो आहोत किंवा ते चूक आहे हेच ज्याला कळत नव्हते, त्याला फौजदारी जबाबदारीतून सूट देते. सायकोपॅथला ही सूट मिळत नाही, कारण त्याला सगळे कळत असते.

गोंधळाचे मूळ ज्या चित्रपटात सापडते त्याचे नावच ‘सायको’ आहे. आल्फ्रेड हिचकॉकचा हा चित्रपट १९६० चा, रॉबर्ट ब्लॉकच्या १९५९ मधील कादंबरीवर बेतलेला. नॉर्मन बेट्स हा आडरस्त्यावरच्या मोटेलचा लाजाळू मालक मेलेल्या आईशी बोलतो, तिचे कपडे घालतो आणि तिच्या वतीने खून करतो. या पात्रामागे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील एड गीन याचे १९५७ मध्ये उघडकीला आलेले प्रकरण होते, आणि गीनला डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया ठरवला होता. वास्तवाशी नाते तुटलेला माणूस हा सायकोपॅथच्या जवळपास उलट टोकाला असतो. तरीही चित्रपट इतका गाजला की शब्द त्यालाच चिकटला.

सॅम्युएल लाइस्टेट आणि पॉल लिंकोव्स्की या बेल्जियमच्या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९१५ ते २०१० या काळातले ४०० चित्रपट पाहून त्यांतली १२६ पात्रे तपासली. नॉर्मन बेट्स त्यांच्या मते सायकोपॅथ नव्हेच. ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’मधला हॅनिबल लेक्टर, म्हणजे उंची मद्य, अभिजात संगीत आणि अफाट बुद्धी असलेला नरभक्षक डॉक्टर, प्रत्यक्षात भेटणे जवळपास अशक्य. सर्वांत खरा त्यांना वाटला तो ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’ (२००७) मधला अँटन शिगर. पेट्रोल पंपाच्या म्हाताऱ्या मालकासमोर तो नाणे उडवतो आणि छापा की काटा सांग म्हणतो. डाव कशावर लावला आहे ते म्हाताऱ्याला उमगत नाही, प्रेक्षकाला उमगते. शिगरच्या चेहऱ्यावर राग नाही, मजाही नाही. तो नाक्यावर सुटे पैसे मागावेत तसा उभा असतो. हा अभ्यास वाचताना एकच गोष्ट लक्षात ठेवली तरी पुढचे चित्रपट पाहायला नजर मिळते: खरा सायकोपॅथ पडद्यावर कंटाळवाणा दिसतो, म्हणून पटकथाकार त्याला मसाला लावतात.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त वेळा ‘सायको किलर’ म्हटला गेलेला माणूस म्हणजे रामन राघव. १९६० च्या दशकाच्या मध्यात आणि पुन्हा १९६८ मध्ये मुंबईच्या उपनगरांत पदपथावर, झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी रात्रीतून ठेचली जाऊ लागली. हत्यार लोखंडी आणि जड, लूट नगण्य, एका मृताचा दुसऱ्याशी संबंध नाही. २७ ऑगस्ट १९६८ रोजी अॅलेक्स फियाल्हो या उपनिरीक्षकाने त्याला ओळखून पकडले. तपासाची सूत्रे तेव्हाचे गुन्हे शाखेचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. रामन राघव तोंड उघडेना. शेवटी काय हवे असे विचारल्यावर त्याने कोंबडी मागितली, पोटभर खाल्ली आणि मग बोलायला लागला. त्याने ४१ खुनांची कबुली दिली.

सत्र न्यायालयाने १९६९ मध्ये फाशी दिली. शिक्षा कायम करण्यापूर्वी मुंबई उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला सांगितले. त्या मंडळाने त्याच्याशी अनेक बैठकांत दीर्घ बोलणी केली. जगे दोन आहेत, एक ‘कानून’चे आणि दुसरे हे आपले पापी जग, अशी त्याची पक्की समजूत होती. लोक आपले लिंग बदलण्याचा कट करत आहेत, असेही तो म्हणे. शेवटच्या बैठकीनंतर डॉक्टरांनी निरोपाचा हात पुढे केला तेव्हा त्याने हात मिळवला नाही. आपण कानूनचे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसाला शिवणार नाही, असे त्याचे कारण होते. मंडळाने जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले. फाशीची जन्मठेप झाली. येरवडा कारागृहात वर्षे काढून १९९५ मध्ये तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंडाच्या विकाराने मेला. म्हणजे महाराष्ट्राचा सर्वांत प्रसिद्ध ‘सायको’ हा सायकोपॅथ नव्हता. तो गंभीर आजारी माणूस होता, आणि त्याने मारलेली माणसे या शहरात ज्यांच्या मरणाची नोंदही उशिरा होते अशी होती. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत.

त्याच्यावर दोन चित्रपट निघाले. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये ‘रामन राघव’ हा जेमतेम तासाभराचा चित्रपट केला. रघुवीर यादव यांनी त्यात तो उभा केला. चित्रपटगृहांत तो लागला नाही, तरी जाणकारांत हातोहात फिरत राहिला. मोठ्या सेटचे पैसे नसल्याने कॅमेरा माणसाला चिकटून राहतो, आणि त्यामुळेच रघुवीर यादव यांच्या नजरेतला हरवलेपणा टिपला जातो. हा मारेकरी भयंकर आहे आणि आजारीही आहे, हे दोन्ही त्यात दिसते. अनुराग कश्यप यांचा ‘रामन राघव २.०’ (२०१६) सुरुवातीलाच खऱ्या रामन राघवची माहिती देतो आणि लगेच सांगतो की हा चित्रपट त्याच्याविषयी नाही. नवाजुद्दीन सिद्दिकी यांचा रमन्ना आजच्या मुंबईत लोखंडी दांडा फरफटत चालतो. स्वतःच्या बहिणीच्या घरात जाऊन तिला, तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलाला ओलीस धरतो, तेव्हा त्याचे बोलणे घरच्या पाहुण्यासारखेच असते. चित्रपटाचा खरा रोख विकी कौशलने केलेल्या राघवन या पोलीस अधिकाऱ्यावर आहे. नशेत बुडालेला, गणवेशाआड हिंसा करणारा हा माणूस रमन्नाला आपला जोडीदार वाटतो. इथे कश्यप यांनी आजार काढून टाकला आणि त्या जागी सायकोपॅथी ठेवली. चित्रपट म्हणून ते प्रभावी आहे, पण येरवड्यातला तो माणूस त्यातून पुसला गेला.

हे पुसले जाणे किरकोळ नाही. स्किझोफ्रेनिया असलेली बहुतेक माणसे कोणालाही इजा करत नाहीत. त्यांच्यावरच अत्याचार होण्याची शक्यता अधिक असते. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे शेतकरी आत्महत्यांमुळे मनाच्या आजाराची गोष्ट घराघरांत पोहोचली आहे, तिथे याचे परिणाम दिसतात. राज्य सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला, त्या जिल्ह्यांत यवतमाळ होता. झोप उडालेला, जेवण तुटलेला माणूस वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागाची पायरी चढायला घाबरतो, कारण चढली की गावात नाव पडते. नागपूरला, म्हणजे तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात नेले, एवढे शब्दही शिवीसारखे वापरले जातात. त्या भीतीत ‘सायको’ या शब्दाचा वाटा आहे.

खरा सायकोपॅथ कसा असतो हे पाहायचे असेल तर मुंबईहून पुण्याला यावे लागते. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या चौदा महिन्यांत पुण्यात दहा खून झाले. खुनी होते अभिनव कला महाविद्यालयात व्यावसायिक कलेचे शिक्षण घेणारे तरुण: राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. पहिला बळी त्यांच्याच ओळखीतला, हॉटेलमालकाचा मुलगा. ३१ ऑक्टोबर १९७६ ला जोशी कुटुंबातील तिघे गेले. १ डिसेंबरला अभ्यंकरांचे घर: संस्कृतचे थोर पंडित, व्याकरणाचे अभ्यासक काशिनाथशास्त्री अभ्यंकर, त्यांच्या पत्नी, नातवंडे आणि घरकामाला असलेली बाई, असे पाच जण. शेवटचा बळी पुन्हा एक तरुण, मार्च १९७७ मध्ये.

या गुन्ह्यांची पद्धत वाचताना अंगावर येते ती त्यांतली शांतता. नायलॉनची दोरी, तिची विशिष्ट गाठ, तोंडात बोळे. पोलिसी कुत्र्यांना माग लागू नये म्हणून घरात अत्तर शिंपडलेले. आणीबाणीचा तो काळ. पुण्यात संध्याकाळी सातनंतर रस्ते ओस पडू लागले, दारे आतून दोनदा तपासली जाऊ लागली. लूट मिळाली ती एवढ्या जिवांच्या मानाने क्षुल्लक. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि २७ नोव्हेंबर १९८३ रोजी चौघांना येरवड्यात फासावर चढवले. खटला उभा राहिला तो त्यांच्यातल्याच एका मित्राच्या जबानीवर, जो माफीचा साक्षीदार झाला.

तेच नाव घेऊन राजदत्त यांनी १९८६ मध्ये ‘माफीचा साक्षीदार’ हा मराठी चित्रपट केला. जक्कलवर बेतलेली भूमिका नाना पाटेकरांची. नानांचा अभिनय पुढे ‘परिंदा’च्या अण्णामुळे देशभर पोहोचला, पण इथला त्यांचा थंडपणा अधिक अस्वस्थ करणारा आहे. तो ओरडून दहशत बसवत नाही. दुसऱ्याला गुन्ह्यात ओढण्याची त्याची रीत मैत्रीची आहे. एकदा तू आमच्यात होतास की तू आमचाच. टोळीत सायकोपॅथ असेल तर बाकीचे सायकोपॅथ असावेच लागतात असे नाही, हे या चित्रपटाचे मर्म. काहींना पैसा हवा असतो, काहींना नेत्याची मर्जी, काहींना मागे फिरण्याची भीती वाटते. मुनव्वर शाहने तुरुंगात ‘येस, आय अॅम गिल्टी’ हे आत्मकथन लिहिले. क्लेक्ली आणि हेअर या दोघांच्याही मते अस्सल पश्चात्ताप हाच सायकोपॅथमध्ये सापडत नाही. एकाच दोरीच्या दोन टोकांना उभे असलेले दोघे मनाने एकसारखे नसतात, याची ही लेखी खूण म्हणता येईल.

अनुराग कश्यप यांचा पहिला चित्रपट ‘पाँच’ याच प्रकरणातून सुचलेला. कला महाविद्यालयाऐवजी तिथे मुंबईतला रॉक बँड आहे, के. के. मेनन यांचा ल्यूक त्यांचा नेता. पैशांसाठी अपहरणाचे नाटक ठरते आणि ल्यूकच्या हातून पहिला खून होतो. त्यानंतर बाकीच्यांना परतीचा रस्ता राहत नाही. हिंसा आणि अमली पदार्थांवरून सेन्सॉर मंडळाशी वाद झाला आणि चित्रपट वर्षानुवर्षे रीतसर चित्रपटगृहांत आला नाही. तरी चोरून फिरलेल्या प्रतींमधून एका पिढीने तो पाहिला. पुण्याच्या खटल्याला सर्वांत जवळून समजून घेणारा चित्रपट कदाचित हाच आहे, जरी त्यात पुणे कुठेही नाही.

परभणी जिल्ह्यातील मानवतचे हत्याकांड अनेकदा याच यादीत घातले जाते. १९७२ च्या अखेरपासून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत तिथे बायका आणि लहान मुलींचे खून होत राहिले. कारण होते गुप्तधन आणि संततीसाठी नरबळी. तपासाला पुन्हा रमाकांत कुलकर्णीच आले. अमोल पालेकर यांनी विजय तेंडुलकरांच्या पटकथेवर १९८१ मध्ये ‘आक्रीत’ केला आणि मुख्य खलपुरुष मुकुटराव स्वतः साकारला. ‘छोटी सी बात’मधला भिडस्त नायक इथे थंडपणे बळी निवडतो, हे तेव्हाच्या प्रेक्षकाला पचवणे जड गेले असणार. २०२४ मध्ये आशिष बेंडे यांनी ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका केली. कुलकर्णी यांच्या आत्मकथनावर ती आधारलेली आहे आणि त्यांची भूमिका आशुतोष गोवारीकर यांनी केली आहे. मानवतला अंधश्रद्धा, लोभ आणि गावातली सत्ता एकत्र आली. मारणाऱ्यांना आपण काही मिळवतो आहोत असा विश्वास होता. एका माणसाच्या व्यक्तिमत्त्वात त्याचे उत्तर शोधले तर अख्खी व्यवस्था सुटते, म्हणून हे प्रकरण वेगळे ठेवलेलेच बरे.

कोल्हापूरच्या गावित मायलेकींचे तसे नाही. अंजनाबाई गावित आणि तिच्या मुली रेणुका शिंदे आणि सीमा गावित यांनी १९९० ते १९९६ या काळात तेरा लहान मुले पळवली. चोरी करताना पकडल्या गेल्या तर कडेवरचे मूल पाहून गर्दी मऊ पडते, म्हणून मूल हवे. मूल रडायला लागले, ओझे झाले, की मारून टाकायचे. लेकरू हे इथे साधन, पिशवीसारखे. काम झाले की टाकून द्यायचे. हेअर यांच्या यादीतले दुसऱ्याला वापरणे या शब्दांचा इतका उघडा अर्थ दुसरीकडे क्वचितच दिसतो. अंजनाबाई खटला संपण्यापूर्वीच कोठडीत मेली. बहिणींची फाशी सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली. दयेच्या अर्जावर सरकारने केलेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये ती जन्मठेपेवर आणली. ‘पोशम पा’ (२०१९) हा सुमन मुखोपाध्याय यांचा चित्रपट त्यांच्यावरचा. माही गिलची आई आणि सयानी गुप्ताची मुलगी यांच्यातली जवळीक तो चांगली पकडतो. मात्र मुलींच्या वागण्याचे सगळे ओझे आईच्या वाईट संस्कारांवर टाकून मोकळा होतो. बालपणीची आबाळ आणि हिंसा हा एक घटक असतो, जन्मजात ठेवण हा दुसरा, आणि कोणता किती हे अजून कोणालाही तोलून सांगता आलेले नाही.

गोडव्याचा मुखवटा पाहायचा तर चार्ल्स शोभराज. बँकॉक, काठमांडू, दिल्ली अशा वाटांवर परदेशी प्रवाशांशी मैत्री करून, त्यांना औषध पाजून लुटणारा आणि मारणारा हा माणूस १६ मार्च १९८६ ला तिहार तुरुंगातून वाढदिवसाच्या निमित्ताने पहारेकऱ्यांना गुंगीची मिठाई खिलवून पळाला. मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्याला १९७१ मध्ये एकदा पकडले होते. ६ एप्रिल १९८६ रोजी गोव्यात पर्वरीच्या ओ कोकेरो या उपाहारगृहात त्यांनीच दुसऱ्यांदा पकडले. ‘मैं और चार्ल्स’ (२०१५) मध्ये रणदीप हुडा आणि ‘द सर्पंट’ (२०२१) या मालिकेत ताहर रहीम यांनी शोभराज केला. हुडाचा चार्ल्स इतका देखणा, इतका चतुर आहे की चित्रपट त्याच्या प्रेमात पडल्यासारखा वाटतो. ‘द सर्पंट’ शहाणी आहे, कारण ती त्याच्या बळींच्या शेवटच्या तासांत थांबते: घशाला कोरड, हात उचलता येत नाही आणि तो शेजारी बसून काळजीने विचारपूस करतो आहे. चिन्मय मांडलेकर यांनी २०२५ मध्ये ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट झेंड्यांच्या बाजूने, हलक्याफुलक्या अंगाने केला. मनोज वाजपेयींचा डाळ-भात खाणारा, घरी बायकोला जुमानणारा झेंडे पाहताना कळते की अशा गुन्हेगारापुढे चकित न होणे हीच निम्मी लढाई आहे.

हिंदीतल्या काल्पनिक सायकोपॅथांची यादी मोठी, पण थोडक्यात आटोपण्यासारखी. ‘डर’ आणि ‘बाजीगर’ (दोन्ही १९९३) यांतले नायक वेडे प्रेमी आणि सूड घेणारे. भावना त्यांच्यात उतू जाते. ‘दुश्मन’ (१९९८) मधला आशुतोष राणांचा गोकुळ पंडित मात्र जवळचा आहे. तो पोस्टमन आहे, दारात येतो, ओळखीचा हसतो, म्हणून दार उघडले जाते. पुढच्याच वर्षी ‘संघर्ष’ मध्ये त्याच अभिनेत्याला किंकाळ्या आणि बटबटीत डोळे दिले गेले आणि माणूस गेला, बुजगावणे उरले. मराठी मुलांनी पाहिलेला पहिला निर्दय खुनी बहुधा ‘झपाटलेला’ (१९९३) मधला तात्या विंचू असेल. दिलीप प्रभावळकरांनी केलेला, मेल्यावर बाहुल्यात शिरलेला. तो भीतीइतकाच हशाही पिकवतो, आणि त्यात काही वाईट नाही.

विज्ञानात हिंसेचे दोन ढोबळ प्रकार मानतात. एक प्रतिक्रियेची: राग आला, भीती वाटली, हात उचलला. दुसरी शिकारीसारखी: आधी ठरवलेली, थंड, काहीतरी मिळवण्यासाठी केलेली. सायकोपॅथ दुसऱ्या प्रकारात अधिक आढळतात. एका माहितीपट मालिकेचे नावही ‘इंडियन प्रीडेटर’, म्हणजे शिकारी, असेच आहे. विदर्भात मात्र शिकारी हा शब्द जपून वापरावा लागतो. यवतमाळ जिल्ह्याच्या पांढरकवडा, राळेगाव भागात २०१६ ते २०१८ मध्ये तेरा माणसांचे मृत्यू टी-१ या वाघिणीच्या नावावर लागले. अवनी हे तिचे लोकांनी ठेवलेले नाव. कॅमेरे, हत्ती, कुत्री, ड्रोन आणले गेले. तिला ओढून आणायला पुरुषांच्या एका परदेशी अत्तराचा वास पेरला गेला. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती गोळीने मारली गेली. तेव्हा तिला साधारण दहा महिन्यांचे दोन बछडे होते. ‘शेरनी’ (२०२१) हा अमित मसूरकर यांचा चित्रपट पाहताना या भागातल्या माणसाला तीच आठवते, जरी त्याची कथा आणि जागा वेगळ्या आहेत. तिच्यासाठी ‘खुनी’ हा शब्द सर्रास वापरला गेला. पण वाघीण भुकेसाठी किंवा बछड्यांसाठी मारते. तिला माणसाच्या भीतीत रस नसतो. नागपूरच्या कस्तुरबा नगरातल्या माणसाला तो होता.

भरत कालीचरण ऊर्फ अक्कू यादव याने त्या वस्तीला अनेक वर्षे ओलीस धरले. घरांत घुसणे, खंडणी, बलात्कार, खून. तक्रारीला गेले की बातमी त्याच्यापर्यंत पोहोचायची. वस्ती मुख्यतः दलितांची, गरिबांची. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला जिल्हा न्यायालयात आणले असता बायकांच्या जमावाने न्यायालयाच्या खोलीतच तिखटाची पूड आणि सुऱ्यांनी त्याला मारले. आम्ही सगळ्यांनी मिळून मारले, असे वस्ती म्हणत राहिली. खटला चालला आणि आरोपी पुराव्याअभावी सुटले.

‘इंडियन प्रीडेटर’चा २०२२ मधला एक भाग याच घटनेवर आहे. त्याआधी २०२१ मध्ये सार्थक दासगुप्ता यांचा ‘२०० हल्ला हो’ आला. रिंकू राजगुरू आशा सुर्वे ही शिकलेली, परत वस्तीत आलेली तरुणी करते. साहिल खट्टरचा बल्ली चौधरी बडबड्या गुंड आहे. पडद्यावर तो येतो तेव्हा बायका दारे लोटून घेतात, आणि ते दार लोटण्याचे दृश्य त्याच्या कुठल्याही संवादापेक्षा जास्त सांगते. चित्रपट त्याच्या मनात शिरण्याच्या भानगडीत पडत नाही. त्याच्या डोक्यात काय चालले होते याऐवजी त्याला इतकी वर्षे कोणी चालू दिले, हा प्रश्न तो विचारतो. तो प्रश्न विचारणारा आहे निवृत्त न्यायाधीश विठ्ठल डांगळे, स्वतः दलित, आयुष्यभर कायद्यावर विश्वास ठेवलेला. ही भूमिका अमोल पालेकरांनी केली आहे, ‘आक्रीत’च्या मुकुटरावानंतर चाळीस वर्षांनी. सत्यशोधनासाठी डांगळे वस्तीत येतात, एकेका घरात बसून बायकांचे ऐकतात, आणि कॅमेरा बराच वेळ त्या बोलणाऱ्या बायकांवरच राहतो.